मॉनिटर नसलेल्या संगणकासाठी डमी एचडीएमआय प्लग

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये ड्रॉइंगचा एक संगणक आहे. त्याचा मॉनिटर बिलिंगच्या टेबलासाठी काढून दिल्यापासून तो मी पंचवटीतील घरून, त्याची स्क्रीन इंटरनेटवरून पाठवणाऱ्या अ‍ॅपच्या मदतीने लॅपटॉपवर चालवतो. पहिल्या संध्याकाळी जोडणी झाली खरी, परंतु समोर १०२४ × ७६८ एवढाच चौकोन आला आणि टूलबारांनीच निम्मी जागा व्यापली. दुसऱ्या दिवशी संगणक रीस्टार्ट केल्यावर तर नुसती काळी स्क्रीन दिसली.

मॉनिटर आपली ओळख आणि त्याला चालणारी रिझोल्यूशने ईडीआयडी या माहितीतून ग्राफिक्स कार्डाला कळवत असतो. ती मिळाली नाही तर कार्ड जुजबी आकाराचे चित्र तयार करते किंवा करतच नाही, मग स्क्रीन जशीच्या तशी पाठवणारे अ‍ॅप तरी काय दाखवणार? विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपला ही अडचण येत नाही, कारण तो जोडणाऱ्याच्या स्क्रीनच्या मापाने वेगळा आभासी डेस्कटॉप उभा करतो. मात्र विंडोजची होम आवृत्ती अशी बाहेरची जोडणी स्वीकारत नाही, आणि आमच्याकडे नेमकी तीच आहे.

म्हणून महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून साडेतीनशे रुपयांना हा डमी एचडीएमआय प्लग आणला. अंगठ्याच्या पेराएवढ्या या वस्तूत ईडीआयडी साठवलेली छोटी चिप असते, त्यामुळे कार्डाला मॉनिटर जोडल्याचा भास होतो. ड्रायव्हर लागत नाही. प्लग मदरबोर्डच्या नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टमध्ये बसवावा. ही चूक मी केली आणि त्यापायी एक फेरी वाया गेली.

तक्रार एकच. विंडोजने आपणहून ३८४० × २१६० हे रिझोल्यूशन निवडले, तेव्हा लॅपटॉपवर अक्षरे मुंगीएवढी झाली आणि चित्रही अडखळू लागले. १९२० × १०८० केल्यावर दोन्ही त्रास गेले. शिवाय कधी खरा मॉनिटरही जोडला, तर विंडोज दोन स्क्रीन धरते आणि एखादी विंडो न दिसणाऱ्या स्क्रीनवर उघडते. ती विंडो ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि बाण या कळा एकत्र दाबून परत आणता येते.

संगणक झोपी गेला किंवा वीज गेली, तर प्लगचा काही उपयोग नाही. त्यासाठी स्लीप बंद करून, वीज परत येताच संगणक चालू व्हावा असे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ठरवावे लागले.

एरवी तीन महिने काम बिनतक्रार चालू आहे. मध्यंतरी एका सकाळी पुन्हा काळी स्क्रीन आली, तेव्हा फोनवर कळले की झाडलोट करणाऱ्या मावशींनी पोर्टमध्ये काहीतरी तुटून अडकले आहे असे समजून प्लग उपसून टेबलावर जपून ठेवला होता. आता त्यावर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तीवर ठळक अक्षरांत ‘काढू नये’ असे लिहिले आहे.