हँडलचं शिलाई मशीन: आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून हे मशीन साडेतीन हजाराला घेतलं. काळं, लोखंडी, हाताने फिरवायचं. त्याच्यावरचं कंपनीचं नाव पार पुसून गेलंय, म्हणून अमुक ब्रँड घ्या असं मी सांगू शकत नाही. मुलीच्या गणवेशाची उसवलेली शिवण, माझ्या पँटची लांबी, उशीचा फाटका अभ्रा अशी कामं घरात महिनोन् महिने पडून होती, म्हणून ते घेतलं.

पहिले पंधरा दिवस वैतागाचे गेले. दोन बोटं शिवलं की कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता. गुंता खाली, म्हणून दोष बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, असं धरून मी ते बसतं त्या बॉबिन केसचा स्क्रू कधी आवळत होतो, कधी सैल करत होतो. आई चार दिवस राहायला आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "अरे, पाय उचल आधी, मग ओव." वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसावा लागतो आणि त्या चकत्या सैल होतात कापड दाबणारा पाय वर असतानाच. मी पाय खाली ठेवून ओवत होतो. दोरा चकत्यांच्या बाहेर राहायचा, त्याला ताण मिळायचा नाही आणि जास्तीचा दोरा खाली साचायचा. त्या दिवसापासून गुंता झालेला नाही. नव्याने मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगतो.

हँडलच्या एका फेऱ्याला तीन टाके पडतात. वेग कमी, पण शिकणाऱ्याला तोच सोयीचा. कोपरा आला की शेवटचा टाका मोजून घालता येतो, सुई कापडात रुतवून पाय उचलायचा, कापड वळवायचं आणि पुढे जायचं. वीज गेली तरी काम अडत नाही. उजवा हात हँडलवर गुंतल्यामुळे कापड सांभाळायला डावा एकटाच उरतो, त्यामुळे चेन बसवणं मला अजून जड जातं. दप्तराची एक चेन तीनदा उसवली.

सर्वांत जास्त शिवल्या त्या पिशव्या. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आम्ही कापडी पिशव्या विकतच आणत होतो आणि त्यांचे बंद दरवेळी मुळाशी सुटायचे. आता आईच्या जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी घेतो, बंद तीन इंच आत घेऊन चौकोनी टीप मारतो आणि त्या चौकोनात फुली. पाच किलो बटाटे घालून मंडईतून घरी चालत आलो आहे, बंद हलला नाही. त्या संध्याकाळी पिशवी रिकामी करून शिवणीवरून बोट फिरवून बघितलं. पगार झाल्याच्या आनंदापेक्षा हा आनंद वेगळा आहे, आणि मला तो फार हवासा वाटतो.

चादर मधोमध विरते, कडा मात्र धड राहतात, हे मशीन येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. विरलेला भाग काढून टाकला आणि कडांच्या कापडाचे चार अभ्रे झाले. जीन्सची दुमड शिवताना जाड जोडावर पाय तिरका होतो आणि टाके चुकतात. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा सरकवला की तो सपाट राहतो. सुती कापडाला १४ नंबरची सुई, जीन्सला १६. तेल मशीनचंच घाला. खोबरेल घातलं की काही दिवसांत ते चिकट होऊन मशीन जाम होतं.

उणिवा आहेत. टाका फक्त सरळ पडतो, त्यामुळे कापलेल्या कडा सुटतात. त्यावर उपाय म्हणून आधी सुलट बाजूने शिवतो, मग कापड उलटून ती कड आत दाबत दुसरी टीप घालतो. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर या मशीनची शिवण ताण बसताच तुटते, तिथे ते वापरू नका. आणि जागा बदलायची तर दोन्ही हातांनी उचलावं लागतं, इतकं ते जड आहे.

गोधडी मात्र यावर होत नाही. साड्यांचे थर पायाखाली मावत नाहीत, शिवाय आईला मशीनची गोधडी मान्यच नाही. म्हणून तिच्याकडून धावदोरा शिकलो. कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत जायचं, एका ओळीपासून दुसरी बोटभर अंतरावर. रोज जेवणानंतर अर्धा तास बसतो. मधला हातभर चौकोन राहिला आहे, तो थंडी पडायच्या आत संपेल.