लोकल पॅड, स्वस्त डॉक आणि ‘सगळे गेम’वालं कार्ड: कन्सोल कंपनी नेमकं काय काय बंद करते?

भाच्याचा मेसेज आला, “मामा, आई गेम खेळायचा सहा हजारांचा पॅड घेऊन देत नाहीये. दीड हजारात सेम टू सेम मिळतोय. घेऊ का? पण पोरं म्हणतात कंपनीला कळलं तर कन्सोलच बंद करून टाकतात.”

कन्सोल बंद करता येतो का? येतो. तो इंटरनेटला जोडलेला असतो, अपडेट कंपनीच्या सर्व्हरवरून येतात आणि अपडेट आलं की आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो. करतात का, हे मात्र कन्सोल सोनीचा (प्लेस्टेशन, म्हणजे पीएस), मायक्रोसॉफ्टचा (एक्सबॉक्स) की निन्टेंडोचा (स्विच) यापेक्षा तुम्ही काय जोडताय यावर जास्त अवलंबून असतं. मी घेताना एवढंच बघतो की ही वस्तू कन्सोलच्या कशाला हात लावते: बटणांना, विजेला की गेमला? बटणांशी मामला असेल तर फार तर ती वस्तू वाया जाते. विजेशी असेल तर कन्सोल जळू शकतो, कंपनीने बोटही न लावता. गेमशी असेल तरच कंपनी खऱ्या अर्थाने अंगावर येते.

माझ्या टेबलाच्या खणात एक काळा पॅड पडून आहे. चार वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर घेतलेला, फर्स्ट कॉपी. सहा महिने मस्त चालला. मग एक अपडेट आलं आणि तेव्हापासून केबल जोडली की दिवा तीनदा लुकलुकतो आणि विझतो. दुकानदाराकडे घेऊन गेलो तर तो माझ्यावरच वैतागला, “अपडेट कशाला केलं?” कन्सोल आजही ठणठणीत आहे. गेला तो फक्त पॅड. बहुतेकांच्या वाट्याला येणारं नुकसान एवढंच असतं.

मायक्रोसॉफ्ट: सांगून दार लावणारे

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी एक्सबॉक्सवाल्यांच्या स्क्रीनवर सूचना दिसू लागली की जोडलेली ॲक्सेसरी अधिकृत नाही, १२ नोव्हेंबरपासून चालणार नाही, दुकानात परत करा किंवा बनवणाऱ्याशी बोला. म्हणजे हातात साधारण दोन आठवडे. रोख होता क्रोनस झेनसारख्या उपकरणांवर. ही डबी कन्सोल आणि पॅड यांच्या मधे बसते आणि बंदुकीचा झटका आपोआप सावरण्यासारखे उद्योग करते. ऑनलाइन नेमबाजीत समोरच्याकडे ती असेल तर तुम्ही कितीही चांगले खेळा, मार खाणार. तिच्यावर बंदी आली याचं मला काडीचंही दुःख नाही.

पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. फाइटिंग गेमवाले जुनी आवडती फाइटस्टिक (दांडी आणि मोठी बटणं असलेला पॅड) ॲडॅप्टर लावून वापरतात. हातांच्या मर्यादेमुळे नेहमीचा पॅड धरता न येणारे खेळाडू वेगळी बटणं जोडतात. अशी जोडणी अधिकृत यादीत नसली तर तीही त्याच चाळणीत अडकते. फसवणारा आणि गरजू यांच्यात मशीन फरक करत नाही. ती बघते फक्त परवाना आहे की नाही.

हे २०२३ मध्येच सुरू झालं असंही नाही. २००९ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या अपडेटने बाहेरच्या कंपन्यांची मेमरी कार्डं बंद केली. पॅड बंद पडला तर दुसरा घेता येतो, पण त्या कार्डात लोकांनी सेव्ह केलेले गेम होते. अपडेटच्या आधी ते दुसरीकडे हलवा, असं सांगून मायक्रोसॉफ्ट मोकळी झाली. डेटेल ही ब्रिटिश कंपनी मायक्रोसॉफ्टच्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त जागेचं कार्ड विकत होती. तिने अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा ठोकला. दावा सुरुवातीलाच फेटाळा ही मायक्रोसॉफ्टची मागणी मुख्य मुद्द्यांवर न्यायालयाने २०१० मध्ये नाकारली. पुढे दोघांनी आपसात मिटवलं, त्यामुळे निर्णायक निकाल लागलाच नाही.

आजही जागेच्या बाबतीत सध्याच्या पिढीचा एक्सबॉक्स सीरीज हात आखडूनच आहे. नवे गेम थेट चालवायला आतली जागा वाढवायची तर ठरावीक आकाराचं खास कार्डच लागतं. पीएस ५ मध्ये उलट: सप्टेंबर २०२१ पासून ठरलेल्या वेगाची आणि मापाची कुठल्याही कंपनीची एम.२ ड्राइव्ह (साठवणुकीची पट्टी) बसते.

सोनी: न सांगता

म्हणून सोनी उदार, असं समजू नका. माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी फाइल सोनीच्याच नावावर आहे, आणि ती फ्रान्समध्ये तयार झाली.

नोव्हेंबर २०१५ पासून सोनीने पीएस ४ मध्ये नकली पॅड ओळखण्याची तांत्रिक व्यवस्था सुरू केली. परिणाम असा की अपडेट आलं की परवाना नसलेले पॅड मधेच तुटायचे किंवा नीट चालायचे नाहीत. ग्राहकाला हे कळायला मार्ग नव्हता. त्याला वाटायचं, पॅडच फालतू निघाला. दुकानदारालाही तेच वाटायचं आणि पुढच्या वेळी तो त्या कंपनीचा माल ठेवायचा नाही. सबसॉनिक या फ्रेंच ॲक्सेसरी कंपनीने तक्रार केली. परवाना घ्या म्हणावं, तर तो कोणत्या निकषावर मिळतो हे सोनी मागणाऱ्यांना धड सांगत नव्हती. दाराला कुलूप, आणि किल्ली कुठे मिळेल ते गुपित.

डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने सोनीला सुमारे १ कोटी ३५ लाख युरोंचा दंड केला. नकली मालाविरुद्ध लढणं प्राधिकरणाने चूक ठरवलं नाही. पण जे पॅड नकली असल्याचं सिद्धच झालेलं नाही, तेही सरसकट या जाळ्यात ओढले गेले आणि ते प्रमाणाबाहेर होतं, असं ठरलं. हा फरक लक्षात ठेवा. सोनीचं बोधचिन्ह छापून विकलेला पॅड नकली असतो. स्वतःच्या नावाने विकलेला, पण सोनीला परवाना शुल्क न दिलेला पॅड नकली नसतो. कन्सोलला मात्र दोन्ही सारखेच.

तारखा बघा: व्यवस्था २०१५ ची, दंड २०२३ चा. ज्याचा पॅड २०१६ मध्ये रुसला त्याने तो केव्हाच कचऱ्यात टाकला असेल.

पीएस ५ वर गणित अजून वेगळं आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांत ते कुणी सांगत नाही. पीएस ५ चे गेम ड्युअलसेन्सच्या, म्हणजे पीएस ५ सोबत येणाऱ्या पॅडच्या, पिढीचाच पॅड मागतात. पीएस ४ चा पॅड, अगदी सोनीचा अस्सल असला तरी, पीएस ५ वर फक्त पीएस ४ च्या गेमना चालतो. परवानाधारक स्टिअरिंग व्हील, आर्केड स्टिक वगैरेंना यातून सूट आहे. दीड-दोन हजारांत ‘पीएस ५ ला पण चालतो’ म्हणून विकले जाणारे बहुतेक पॅड पीएस ४ च्या जातीचे असतात. तिथे बंदीबिंदी काही नाही, तो पॅड त्या खेळासाठी नाहीच. आणि परवानाधारक महागडे प्रो पॅड घ्यायचे म्हटलं तरी रेझरच्या वूल्व्हरीन व्ही२ प्रोसारख्यांत ड्युअलसेन्सचे ट्रिगरचे ताण आणि बारीक कंपनं मिळत नाहीत. पैसे जास्त आणि मजा कमी, असा तो उलटा हिशोब आहे.

निन्टेंडो: वीट

इंग्रजीत यंत्र कायमचं निकामी झालं की त्याची ‘ब्रिक’ झाली म्हणतात, म्हणजे वीट. ही भीती पसरली ती मुख्यतः निन्टेंडोमुळे. २०११ मध्ये थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या अटींत इशारा होता की अनधिकृत उपकरण वापरलं तर यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं. त्यावर अमेरिकेतल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने निन्टेंडोला पुठ्ठ्याच्या विटा पाठवण्याची मोहीम काढली होती.

मे २०२५ मध्ये, स्विच २ बाजारात येण्याच्या तोंडावर, अमेरिकेतल्या वापरकर्त्यांसाठीचा करार बदलला. संरक्षण व्यवस्था मोडली, हार्डवेअर वापरून तिला बगल दिली किंवा सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केले, तर निन्टेंडो खातं किंवा यंत्र पूर्णपणे अथवा अंशतः कायमचं निरुपयोगी करू शकते, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. युरोपातल्या मजकुराची भाषा सौम्य आहे, तिथे निरुपयोगी होण्याची गोष्ट डिजिटल उत्पादनाबद्दल आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या ग्राहक संरक्षण संस्थेने या कलमावर हरकत घेतली. कंपनी एकच, पण ग्राहक कायदा जिथे जेवढा कडक, तिथे तिची भाषा तेवढी मऊ.

प्रत्यक्षात काय झालं? स्विच २ आला ५ जून २०२५ ला. त्याच महिन्यात एमआयजी नावाचं फ्लॅश कार्ड लावणाऱ्यांचे कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाहेर काढले गेले. हे ते ‘एका कार्डात सगळे गेम’वालं प्रकरण. आम्ही स्वतः विकत घेतलेल्या गेमची प्रत वापरत होतो, असंही काहींचं म्हणणं होतं, ते ऐकलं गेलं नाही. कन्सोल सुरू व्हायचा, पण ई-शॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) आणि ऑनलाइन खेळ बंद. ही वीट नव्हे, पण स्विच २ वर अर्धी वीट म्हणायला हरकत नाही. त्याच्या बऱ्याच खोक्यांत ‘गेम-की कार्ड’ असतं, ज्यात गेम नसतोच, तो नेटवरून उतरवावा लागतो. चोरीच्या गेमवर ऑनलाइन बंदी घालण्यात निन्टेंडो एकटी नाही. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये चिप बसवलेले एक्सबॉक्स ३६० घाऊक संख्येने लाइव्ह या ऑनलाइन सेवेतून काढले होते.

या बंदीची खरी झळ पुढच्या मालकाला बसते. बंदी कन्सोलवर असते, माणसावर नाही. पहिला मालक तोच कन्सोल खोक्यात घालून विकतो. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्रीच नाही, सगळा माल दुबई-सिंगापूरहून नाहीतर कुणाच्या तरी सामानातून येतो. त्यामुळे सेकंडहँड स्विच घेताना दुकानातच फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि ई-शॉप उघडतंय का ते बघा. “घरी गेल्यावर होईल सेट” म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आणि वीज. मार्च २०१८ मध्ये स्विचचं ५.० अपडेट आल्यावर नायको कंपनीचं डॉक (कन्सोल चार्ज करून टीव्हीला जोडणारा स्टँड) वापरणाऱ्यांचे कन्सोल पटापट मरू लागले. ही मात्र खरीखुरी वीट. निन्टेंडोने मुद्दाम मारले अशी आवई उठली. पण यूएसबी-सी मध्ये चार्जर आणि यंत्र आधी आपसात बोलून किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात. हे बोलणं डॉक नीट पाळत नसेल तर नको त्या पिनवर जास्त व्होल्टेज जातं आणि आतली चिप जळते. म्हणून पॅडमध्ये काटकसर करा, डॉक आणि चार्जरमध्ये नको.

कोर्टात काय होतं

१९९२ मध्ये अमेरिकेत खेळात जादा जीव वगैरे मिळवून देणाऱ्या गेम जीनी या उपकरणावरून निन्टेंडो गलूब कंपनीविरुद्ध हरली आणि तिला दीड कोटी डॉलर मोजावे लागले. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये डेटेलच्याच बाजूने सांगितलं की खेळ चालू असताना मेमरीतले आकडे बदलणं म्हणजे सोनीच्या प्रोग्रॅमची नक्कल नव्हे. म्हणजे अशी वस्तू बनवणारा बऱ्याचदा जिंकतो. पण बनवणं कायदेशीर ठरलं म्हणून ती स्वीकारण्याची सक्ती कन्सोलवर येत नाही. तिथे स्पर्धा कायदाच लागतो, आणि त्याचा वेग आपण वर पाहिला.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे आणि ती तक्रार राज्य आयोगाकडे करता येते. सुटे भाग बाहेर मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड केला होता, म्हणजे युक्तिवाद आपल्याकडे अनोळखी नाही. संरक्षण मोडणाऱ्या फ्लॅश कार्डाला मात्र हात न लावलेला बरा, कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ तिथे आडवं येऊ शकतं. आणि बिल नसेल तर यातलं काहीच कामाचं नाही. ग्रे मार्केटच्या स्विचसाठी भांडायचं तरी कुणाशी?

मग घ्यायचं काय

एक्सबॉक्स असेल तर खोक्यावर ‘एक्सबॉक्ससाठी बनवलेलं’ हा शिक्का असलेला वायरवाला पॅड घ्या. पैसे वाचतात आणि झोपही लागते. स्विचवर बाहेरचे पॅड सर्रास चालतात, बिनधास्त घ्या, पण डॉक, चार्जर आणि फ्लॅश कार्ड यांच्या वाटेला जाऊ नका. पीएस ५ वर स्वस्तातला मधला रस्ता फारसा नाही. बिलासकट, वॉरंटी शिल्लक असलेला सेकंडहँड ड्युअलसेन्स मिळाला तर तो दीड हजाराच्या नव्या पॅडपेक्षा केव्हाही परवडतो.

भाच्याकडे पीएस ५ आहे. त्याला लिहिलं, “कन्सोल बंद नाही करत रे कुणी. पण हा पॅड तुझ्या नव्या गेमना चालणारच नाही.”

दोन मिनिटांनी उत्तर आलं, “मग फुटबॉल पीएस ४ चं व्हर्जन टाकून खेळलो तर?”

“चालेलही. पुढच्या अपडेटपर्यंत.”

“मामा, मग तुझ्या खणातला तो काळा पॅड देतोस का? ट्राय करून बघतो.”