रेग्युलेटर उघडलाच नाही, आणि सर्व्हिसिंगचे २२,४२० रुपये घेतले

पहिल्या सर्व्हिसिंगचे ९,४४० रुपये, दुसऱ्याचे १२,९८०. जीएसटीसकट, पक्क्या बिलावर. एकूण २२,४२० रुपये मोजले आणि तेवढ्या पैशांत माझ्या स्कूबा डायव्हिंगच्या रेग्युलेटरचा एक आटासुद्धा सैल झाला नव्हता. लिहायला लाज वाटते, कारण मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासते. खोटं बिल ओळखणं हे माझं रोजचं काम. तरी लिहिते आहे, कारण प्रश्न पैशांपुरता नाही. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या याच यंत्रातून मी समुद्राखाली श्वास घेत होते.

सेट २०२१ मध्ये घेतला. फर्स्ट स्टेज (टाकीवर बसतो आणि हवेचा दाब कमी करतो तो भाग) आणि सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) ५२,०००, ऑक्टोपस (गरज पडली तर जोडीदाराला द्यायचा जादा सेकंड स्टेज) १३,५००, प्रेशर गेज (टाकीत हवा किती उरली ते दाखवणारं) ९,८००. म्हणजे ७५,३०० रुपये. त्याआधी भाड्याचे रेग्युलेटर वापरले होते. कुणाचं माउथपीस चावून फाटलेलं, कुणातून श्वासागणिक खारं पाणी तोंडात. स्वतःचा घ्यायचं ठरवलं यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. पण इतका महाग घ्यायला नको होता. दुकानदार म्हणाला, "ताई, श्वासाच्या बाबतीत काटकसर करायची नसते," आणि मी मान डोलावली. बर्फाळ पाण्यातही गोठणार नाही असं ते मॉडेल. तारकर्ली-मालवणच्या कोमट पाण्यात दहा-बारा मीटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. साधा पिस्टनवाला रेग्युलेटर, वेळच्या वेळी प्रामाणिकपणे उघडून साफ केलेला, माझ्या महागड्या सेटपेक्षा शंभर पटींनी सुरक्षित होता.

डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला गेलो. दुसरं सर्व्हिसिंग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सोळा मीटरवर होतो, टाकीत ९० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) शिल्लक. श्वास ओढायला जड जाऊ लागला. आधी वाटलं, प्रवाहाविरुद्ध पाय मारून दमले असेन. मग गेज पाहिलं. प्रत्येक श्वासाला काटा ९० वरून ६० वर पडत होता आणि श्वास सोडला की परत वर येत होता. काटा असा नाचायला लागला तर टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसतो, किंवा फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी हवा अडते आहे असं समजा. व्हॉल्व्ह माझ्या बडीने, म्हणजे सोबतच्या डायव्हरने, तपासला. पूर्ण उघडा होता. मी त्याचा ऑक्टोपस तोंडात घेतला आणि त्याचा दंड धरून वर आले. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. ती तीन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

बोटीवर इन्स्ट्रक्टरने रेग्युलेटर टाकीवरून काढला, तोंड उन्हाकडे केलं आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा." आतला फिल्टर हिरवागार होता. शेवाळी नाही, तांब्या-पितळेवर चढतो तो कळकट हिरवा. नवा फिल्टर स्वच्छ धातूच्या रंगाचा असतो आणि सर्व्हिसिंगच्या किटमध्ये तो येतोच. तो बघायला कुठलंही अवजार लागत नाही. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे डस्ट कॅप, काढा आणि आत डोकवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे गोव्यात एका तंत्रज्ञाकडे गेले आणि हट्टाने समोर उभी राहिले. त्याने इंटरमीजिएट प्रेशरचं, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेच्या दाबाचं, मीटर लावलं. काटा साडेनऊ बारवर थांबायला हवा होता. तो दहावर गेला, अकरावर गेला, तसाच चढत राहिला आणि ऑक्टोपसमधून हवा फुसफुसायला लागली. सीट, म्हणजे हवा अडवणारी आतली गादी, झिजलेली, तो म्हणाला. मग पाना लावता लावता थांबला.

"हा ठिपका कुणी लावला?"

मीच लावला होता. बोटीवर सगळ्यांचे काळे रेग्युलेटर सारखेच दिसतात, म्हणून सेट घेतला त्याच वर्षी मालवणला माझ्या मरून नेलपॉलिशचा एक ठिपका फर्स्ट स्टेजवर दिला होता. तो नेमका बॉडी आणि वरची टोपी यांच्या सांध्यावर पडला होता. तो तुटल्याशिवाय टोपी फिरतच नाही. ठिपका अखंड होता.

आणि मी तो पाहिला होता. हेच मला झोपू देत नाही. ऑक्टोबरमध्ये दुकानाच्या काउंटरवर रेग्युलेटर हातात घेतला, चकचकीत पुसलेला, नवं माउथपीस, सोबत छोट्या पिशवीत "काढलेले जुने भाग". तो ठिपका पाहून मला चक्क बरं वाटलं, की किती जपून काम केलंय, माझी खूणसुद्धा पुसली नाही. साडेतीन वर्षांचं नेलपॉलिश, आत सगळ्या ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या म्हणतात, आणि सांध्यावर केसाएवढी भेग नाही. एक बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. मी पुस्तिकेवरचा शिक्का तपासला, बिलावरची बेरीज तपासली आणि १२,९८० रुपये दिले. पिशवीतल्या ओ-रिंग माझ्या मॉडेलच्या नव्हत्याच, हे गोव्यात कळलं.

दुकानदार म्हणतो, तुम्हीच डस्ट कॅप न लावता धुतला असेल. मी कॅप नेहमी लावते. बोटीवर सगळ्यांचे एकाच टबात बुचकळतात, तिथे कुणाची कॅप सैल राहिली तर मला माहीत नाही. पण पाणी शिरलं असलं तरी उघडल्यावर दिसलं असतंच ना? उघडलंच नाही, मुद्दा तो आहे.

पोलिस ठाण्यात दोन तास बसवलं. "रेग्युलेटर म्हणजे गॅसचा का?" समजावून सांगितलं, फोटो दाखवले, तरी अर्जाच्या नोंदीत "गॅस रेग्युलेटर दुरुस्ती" असंच लिहिलं. मग विचारलं, "तुम्हाला काही इजा झाली का? नाही ना? मग हा दिवाणी मामला." म्हणजे मी बुडाले असते तर गुन्हा झाला असता! एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. सतरा दिवसांनी ती बंद झाली, कारण दुकानाने "सेवा दिल्याचा पुरावा" पाठवला. पुरावा कोणता, तर तोच शिक्का मारलेली पुस्तिका. ज्या कागदाबद्दल तक्रार, तोच कागद पुरावा! मी फोटो पाठवले होते, ते उघडून पाहिल्याचंही दिसत नाही. बंदराचं काम बघणाऱ्या कार्यालयाने सांगितलं की आम्ही बोटी बघतो, सामान नाही. पर्यटनवाल्यांनी सांगितलं की ते दुकान आमच्याकडे नोंदलेलं नाही. माझ्या डायव्हिंग कार्डावर ज्या परदेशी संस्थेचं नाव आहे तिने उत्तर दिलं की उपकरणांची जबाबदारी आमची नाही. कारमधल्या पट्ट्याला नियम आहे, लिफ्टला दाखला आहे. सोळा मीटर पाण्याखाली माणूस ज्यातून श्वास घेतो त्याला विचारणारं मला एकही टेबल सापडलं नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती घालवू नका.

गोव्यात १४,१६० रुपये लागले. चांगलं सर्व्हिसिंग स्वस्त नसतं आणि ते करायलाच हवं. माझा राग सर्व्हिसिंगवर नाही. पण समोर उघडा म्हणा. नाही म्हणाले तर उचला आणि घरी या. काम झाल्यावर दहा मिनिटं मीटर लावून काटा स्थिर राहतो का ते बघा. सांध्यावर स्वतःची खूण करून द्या.

मुंबई-ठाणे भागात सर्व्हिसिंग करून "जुने भाग" म्हणून पिशवी मिळाली असेल तर ती फेकू नका. माझ्या पिशवीतल्यासारख्याच ओ-रिंग तुमच्याही पिशवीत निघाल्या तर मला कळवा. आयोगापुढे मला त्या मांडायच्या आहेत.