घरी भोपळ्यांची पार्टी: कोरायचे की रंगवायचे?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेत न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी घरांच्या पायऱ्यांवरही हॅलोविनचे केशरी भोपळे दिसू लागतात. मुलांच्या मित्रमैत्रिणींना घरी बोलवून भोपळे सजवायचे असतील, तर आधी ठरवावं लागतं ते हेच: कोरायचे की रंगवायचे? माझं मत सुरुवातीलाच सांगते. सगळ्यात लहान पाहुणा आठ वर्षांच्या आतला असेल, तर रंगवा.

कोरण्याची मजा मात्र खरी आहे. झाकण उघडून आत हात घातला की गार, चिकट धागे आणि बिया हाताला लागतात, आणि मुलं किंचाळत का होईना, पुन्हा हात घालतात. संध्याकाळी आत दिवा लावला की भोपळ्यावर कोरलेलं तोंड उजळतं. आयरिश लोक मायदेशी सलगम कोरायचे. अमेरिकेत त्यांना हा मोठा, आतून पोकळ भोपळा मिळाला. तो उजेड रंगवलेल्या भोपळ्याला येत नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण साल जाड आणि गुळगुळीत असते. स्वयंपाकघरातली सुरी तिच्यात अडकते, जोर लावला की सटकते आणि थेट दुसऱ्या हातावर येते. म्हणून दुकानात मिळणारी बारीक दातांची छोटी करवतच वापरा, आणि दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. दहा मुलं येणार असतील, तर पाच आईबाबा थांबतील का, हे आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण तारखेची. कोरलेला भोपळा साधारण तीन ते पाच दिवसांत सुकतो, बुरशी धरतो. टेक्सास-फ्लोरिडाच्या उकाड्यात त्याहून लवकर. म्हणजे ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, दारात ठेवायचा तर पार्टी २८ तारखेनंतरच, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांचे शनिवार-रविवार भरलेले असतात. न कापता रंगवलेला भोपळा थंड, कोरड्या जागी काही आठवडे टिकतो. महिन्याच्या मध्यावरचा कुठलाही रविवार चालतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. कोयऱ्या आणि ठिपक्यांची रांगोळी काढलेला भोपळा तेव्हाही पणत्यांशेजारी शोभेल. मला हे फार आवडतं, कारण दोन सणांची तयारी एकाच दुपारी होते.

रंगांत ॲक्रिलिक घ्या. ते पावसात टिकतं, पण कपड्यांवरून निघत नाही, म्हणून मुलांना जुने टीशर्ट घालून पाठवायला सांगा. धुऊन निघणारे रंग पहिल्या सरीतच ओघळतात. भोपळा घरातच राहणार असेल तर तेही चालतील. अगदी छोट्यांना स्टिकर पुरेत. एखादा भोपळा निळसर हिरवा रंगवून दारात ठेवा: हॅलोविनला दारोदार खाऊ मागत येणाऱ्या, पण ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी इथे खाऊऐवजी छोटी खेळणीही मिळतील, अशी ती खूण आहे. २०१४ पासून ती देशभर पसरली.

खाण्याच्या बाबतीत कोरणं पुढे. बिया धुऊन, कोरड्या करून, तेल-मीठ-तिखट लावून ३५० अंश फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजल्या की ताटली रिकामी होते. गराची आशा धरू नका, या मोठ्या भोपळ्यांचा गर पाणचट आणि धागेदार असतो. घारगे करायचे तर छोटा, गोड पाय पम्पकिन वेगळा आणा. रंगवलेला भोपळा मात्र खायचा नाही आणि कंपोस्टमध्येही टाकायचा नाही.

वयं मिसळलेली असतील, तर प्रत्येक मुलाला रंगवायला एक छोटा भोपळा द्या आणि अंधार पडायच्या सुमारास एकच मोठा भोपळा मोठ्यांनी सगळ्यांसमोर कोरावा. बिया काढायला मुलं आपणहून येतील. तो वरून न कापता बुडाकडून कापा, म्हणजे झाकण सुकून आत पडत नाही, आणि मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. ज्योतीच्या उष्णतेने भोपळा लवकर मऊ पडतो.