चाचणीत वीसपैकी एकोणीस, तरी तारे तीनच

कोरोनाचा ओमायक्रॉन आला तेव्हा आम्हा सगळ्या सिस्टरांना करायला लावलेला हा दोन तासांचा ऑनलाइन कोर्स. मी तो नाइट संपवून, पेंगत पेंगत केला.

सुरुवातीची वीस मिनिटं पुढे ढकललीत तरी फार बिघडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉनला चिंताजनक व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा काळजी करावी असा बदललेला प्रकार, ठरवलं, स्पाइक प्रोटीनमध्ये (विषाणूवरच्या काट्यांमध्ये) तीसहून जास्त बदल, नाव ठेवताना ग्रीक वर्णमालेतली कुठली अक्षरं गाळली वगैरे. ऐकायला बरं वाटतं. बेडपाशी उभं राहिल्यावर त्याचं काय करायचं?

एस जीनचा भाग मात्र झकास. तेव्हाच्या ओमायक्रॉनमध्ये काही आरटीपीसीआर किटना एस जीन (स्पाइक प्रोटीनचा जीन) दिसत नाही, विषाणूचे बाकीचे जीन दिसतात. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्हच, वर ओमायक्रॉनची शंका. 'एस जीन नाही' वाचून आमच्यातल्या काही जणी पेशंट निगेटिव्ह समजून बसल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मीही त्यातलीच. पण पुढे आलेल्या बीए.२ या ओमायक्रॉनच्याच उपप्रकारात ही खूण सहसा सापडत नाही, त्याबद्दल कोर्समध्ये अवाक्षर नाही. म्हणजे नंतर कुणी कोर्सला हातच लावलेला नाही.

पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख, उतरवण्याचा व्हिडिओ तीनदा पाहिला. आधी हातमोजे, मग गाऊन, मग गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी आणि तोही खोलीबाहेर येऊन. मधे मधे हात स्वच्छ करणं आलंच. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ धरली तर एन९५ मास्क नाकापाशी नीट बसलेला नाही, हे त्यातली बाई स्वतःच्याच चष्म्यावर दाखवते. इतकी वर्षं मी काचा पुसत बसायचे, मास्क नाही दाबायचे.

माझी खरी तक्रार ओमायक्रॉनला लावलेल्या 'तुलनेने सौम्य' या दोन शब्दांवर आहे. एका स्लाइडवर टाकले आणि गाडी पुढे. दुसऱ्या दिवशी चेंजिंग रूममध्ये निम्म्या जणींचे मास्क हनुवटीवर. एकेकट्याला धोका आधीच्या डेल्टा व्हेरियंटपेक्षा कमी, हे खरंच आहे. पण लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो सौम्य नसतो, आणि एकदम इतके जण आजारी पडतात की त्यात आम्हीही असतो. आमच्या रोस्टरवर एका आठवड्यात सात जणी रजेवर गेल्या, उरलेल्यांनी डबल ड्युट्या ओढल्या. स्लाइडवर हे हवं होतं.

शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. मला एकोणीस. त्यानंतर 'तुमचा दृष्टिकोन' म्हणून एक फॉर्म येतो, त्यातलं पहिलंच वाक्य: 'लक्षणं असतील तर मी कामावर येणार नाही.' सगळ्यांनी 'पूर्णपणे सहमत'वर टिक केली. मीसुद्धा. त्याच आठवड्यात घसा धरलेला असताना मी नाइटला गेले, कारण बदली कोणी नव्हतं. बदली नसेल तर काय करायचं, हा प्रश्न त्या फॉर्मवर नाही.