घरबसल्या एक्स्पोर्टचं काम: माझे 62,710 रुपये असे गेले

आधी हिशेब सांगतो, म्हणजे "किती गेले हो?" विचारायला कोणी फोन करणार नाही. डिपॉझिट 35,000. किटचे 19,000. माल पाठवायचं कुरिअर 1,340. नापास माल परत आला त्याचं भाडं 890, तेही माझ्याच माथी. "रिवर्क"चे 6,500. यातून काम देणाऱ्या कंपनीने मला दिलेले 20 रुपये वजा करा. हो, वीस. त्या विसांनी पुढे माझा घात केला.

धंद्याचा प्रकार तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वी मेणबत्त्या असायच्या, पेनं असायची. सामान आमच्याकडून घ्या, घरी जुळवा, तयार माल आम्हीच उचलतो. माझ्या वाट्याला आली ती बाणाची टोकं. ब्रॉडहेड म्हणतात. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथे ही लागतात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे "माल सगळा बाहेर जातो, इथे एक नगही विकायचा नाही" हे त्यांनी मला दहादा बजावलं. एवढं बजावणारा माणूस चोर कसा असेल, असं मला वाटलं. आता वाटतं, इथे विकायचा नाही म्हणजे इथे कोणाला दाखवायचाही नाही, हाच त्यातला अर्थ.

आणि मी काही वेडा नाही. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत 26 वर्षं फिटर होतो. म्हापशातलं त्यांचं ऑफिस जाऊन पाहिलं. बोर्ड होता, एसी होता, मुलीने पाणी आणून दिलं. तिथल्या माणसाला विषयही पक्का माहीत होता. फिक्स्ड ब्लेड, म्हणजे पक्की बसवलेली पाती का, तर उघडणारं-मिटणारं काही नाही, बिघडायला काही नाही. पण पाती बाणाच्या पुढच्या टोकाला पंखासारखी वागतात, म्हणून टोक सरळ रेषेत नसेल तर बाण भरकटतो. कोलोरॅडोसारख्या राज्यात पात्यांची रुंदी किमान 7/8 इंच लागते. वजन 100 ग्रेन, म्हणजे 6.48 ग्रॅम, कारण सरावाचं साधं टोकही तेवढ्याच वजनाचं असतं आणि दोन्ही एकाच जागी लागायला हवीत. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तर मी फसलो.

काम असं: 200 फेरूल, म्हणजे पाती बसतात तो आट्यांचा मधला दांडा, आणि 600 पाती. पात्यांना धार लावायची, तीन-तीन बसवायची, तपासायची. नगाला 140 रुपये, म्हणजे 28,000. किटचे गेले की खिशात 9,000. तपासणी तीन तऱ्हेची. ताणलेल्या रबर बँडला पातं नुसतं टेकवलं की तो तुटला पाहिजे. वजन करायचं. आणि बाणाच्या तुकड्याला टोक लावून ते काचेवर उभं फिरवायचं. त्यांनी दिलेला सँपल काचेवर असा फिरला की फिरतोय हे कळेना, झोपलेला भोवराच.

आता ती गोष्ट. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर मी किटमधलं पहिलं फेरूल त्या बाणाच्या तुकड्यात फिरवलं. सँपल बोटाने सुर्रकन आत गेला होता. हे तीन आटे गेलं आणि अडकलं. मी काय केलं? तेलाचा थेंब घातला. 26 वर्षांचा फिटर, आटे अडले तर तेल घालतो! कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याचा उद्धार केला असता. वर आट्यांमधलं अंतर मोजायचं पिच गेज काढलं, 0.7 चं पान चपखल बसलं, समाधान झालं. सँपलला तेच पान लावून बघायचं सुचलं नाही. या टोकांचे आटे इंची असतात, 8-32, म्हणजे इंचात 32. मिलिमीटरमध्ये पिच 0.79. मला दिलेली फेरूलं चक्क मिलिमीटरच्या एम-4 मापाची, 0.7 पिचची. सैल शिरणार, तीन आट्यांनी आवळणार. ती कधीच पास होणार नव्हती. माझी धार, माझे 24 दिवस, रात्री दोनपर्यंत जागणं, कशाकशाचा संबंध नव्हता.

वजनाचंही तेच. फोंड्याच्या बाजारात ओळखीच्या शेटच्या काट्यावर तीन नग ठेवले. 6.9, 7.2, 6.1. शेट म्हणाला, "सोन्यात एवढा फरक केला असता तर गिऱ्हाइकांनी माझं दुकान फोडलं असतं." मी हसलो! मनात म्हटलं, पात्यांवर माझाच हात जास्त-कमी पडला असेल. चूक स्वतःकडे घ्यायची सवय असलेला माणूस यांना बरोबर सापडतो.

रिपोर्ट आला: 183 नापास, 17 पास. 17 गुणिले 140, झाले 2,380. त्यातून "इन्स्पेक्शन फी" जीएसटीसह 2,360 वजा. खात्यात 20 रुपये जमा. त्यानंतरही मी "रिवर्क"चे 6,500 पाठवले. बायको आजही तेवढंच विचारते, "ते तरी का?" कारण डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलं होतं आणि नवीन फेरूलं घेतली नाहीत तर करार मोडला म्हणून ते जप्त, असं कागदावर माझ्याच सहीने लिहिलं होतं. नवीन फेरूलं आलीच नाहीत, नापास नगांचं पोतं आलं. फोन बंद. ऑफिसात आता शिवणक्लास आहे.

पावतीवरचा जीएसटी नंबर मोजा. पंधरा अक्षरं हवीत, गोव्याचा असेल तर सुरुवात 30 ने. माझ्या पावतीवर चौदा होती, मोजली पैसे गेल्यावर.

मग पोलीस. पोतं घेऊन गेलो ही दुसरी घोडचूक. टेबलावर टोकं ओतताच हवालदार म्हणाला, "हें कितें? रानदुकर मारपाक?" अर्धा तास मीच आरोपी. कुठून आणली, कोणाला देणार, घरी धनुष्य आहे का. मी म्हटलं, साहेब, मला फसवलंय. त्यांनी पासबुक बघितलं आणि त्या 20 रुपयांवर बोट ठेवलं. "त्यांनी तुम्हाला पैसे दिलेत. व्यवहार झालाय. दिवाणी बाब." विसाच्या जागी शून्य असतं तर गुन्हा झाला असता म्हणे! दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. "फाल्यां येयात," म्हणजे उद्या या. पुढे सांगितलं, ऑफिस म्हापशात, तिकडे जा. म्हापशात सांगितलं, पैसे फोंड्यातून गेले, तिकडे जा. कदंबाच्या बसचं भाडं मी वरच्या हिशेबात धरलेलं नाही.

हे तोंडपाठ करून जा: 420 आता नाही, फसवणूक म्हणजे न्याय संहितेचं कलम 318. हद्द कोणाचीही असो, तक्रार नोंदवता येते, नागरिक सुरक्षा संहिता कलम 173. नाही घेतली तर त्याच कलमाखाली अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवा. मी पाठवली, पोचपावती आहे, उत्तर नाही. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो पैसे गेल्यावर 41 दिवसांनी. तोवर ते खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा, लाज नंतर वाटू दे. बँकेने सांगितलं, ओटीपी तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला, मग?

एक्स्पोर्ट म्हणतात त्यांच्याकडे दहा अक्षरी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड मागा आणि डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या विदेश व्यापार खात्याच्या साइटवर स्वतः तपासा. काम देणारा तुमच्याकडूनच डिपॉझिट मागत असेल तर पाणी पिऊन परत या. आणि सँपल व किट शेजारी ठेवून मोजा, त्यांच्यासमोर, त्यांच्या टेबलावर.

183 नग होते, आता 182 आहेत. एक हवालदाराने "तपासाला लागेल" म्हणून ठेवून घेतला. त्याची पावती मागितली तर म्हणाला, साहेब आले की देतो.