नव्या घराच्या भिंतींत गाडली गेलेली फसवणूक

पुण्यात धायरीला आमच्या प्लॉटवर घर बांधायला घेतले तेव्हा स्मार्ट होमचा विचार आम्ही हौसेपोटी केला नव्हता. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि जुन्या घरी रात्री अंधारात बटण चाचपडताना त्या दोनदा पडल्या होत्या. त्या पलंगावरून उतरल्या की न्हाणीघरापर्यंतचे मंद दिवे आपोआप लागावेत, वरची टाकी भरली की मोटार बंद व्हावी, चुकून चालू राहिलेला गीझर फोनवरून बंद करता यावा आणि दारात कोण आले आहे ते त्यांना बसल्या जागी दिसावे, एवढ्याच आमच्या गरजा होत्या. त्यांसाठी आम्ही ३ लाख ९० हजार रुपये दिले. त्यातून पदरात फारसे काही पडले नाहीच, उलट ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्यांच्याच जिवाला धोका होईल अशी जोडणी आमच्या घरात चार महिने राहिली. सूस-म्हाळुंगेपासून वाघोली-मांजरीपर्यंत आज ज्यांची घरे प्लास्टरच्या टप्प्याला आली आहेत त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव तपशिलात लिहीत आहे.

हे काम ज्या फर्मने केले तिचा नंबर आम्हाला शेजारच्या बांधकामावरील ठेकेदाराकडून मिळाला. बाणेरला त्यांचे कार्यालय होते आणि तिथे एक खोली नमुन्यादाखल सजवलेली होती. त्या खोलीत पडदे सरकत होते, दिवे मंद होत होते, दारावरचा कॅमेरा चित्र दाखवत होता आणि हे सर्व खरोखरच नीट चालत होते. मालकाने आम्हाला चहा दिला, सासूबाईंच्या पडण्याची हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "मॅडम, प्लास्टर होण्याआधी ऑर्डर दिलीत तर बरे, नाहीतर नंतर भिंती फोडाव्या लागतील." हे वाक्य खोटे नव्हते. वायरी, पाइप आणि बोर्डांचे डबे प्लास्टरआधीच बसावे लागतात, हे आमच्या इंजिनिअरनेही सांगितले होते. म्हणूनच आम्ही घाई केली. त्यांचा सारा धंदा या एका खऱ्या वाक्याच्या आधाराने चालला होता, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

कोटेशन एका पानाचे होते. त्यावर "संपूर्ण होम ऑटोमेशन पॅकेज, वायर्ड प्रणाली, १९ बोर्ड, ४ कॅमेरे, मोटार व गीझर नियंत्रण" असे लिहून खाली ४ लाख ६० हजारांची एकच रक्कम टाकलेली होती. कोणत्या बोर्डात कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे, किती ॲम्पियरचे उपकरण बसणार, वायर कोणत्या प्रतीची, कोणती वायर कुठून कुठे जाणार, याचा त्यात एक शब्दही नव्हता. माझ्या पतींनी नकाशा मागितला तेव्हा "तो काम चालू झाल्यावर साइटवरच करून देतो" असे उत्तर मिळाले आणि नंतर त्या नकाशाच्या बाबतीत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आमची उपकरणे मॅटर प्रमाणित आहेत, असेही त्यांनी छातीठोकपणे सांगितले. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे मानक प्रसिद्ध झाले आणि प्रमाणित उत्पादनांची यादी ते मानक काढणाऱ्या संघटनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती आम्ही त्याच दिवशी पाहायला हवी होती, परंतु मॉडेल क्रमांकच हाती नसल्यामुळे शोधायचे तरी काय, अशी आमची स्थिती होती. मॉडेल क्रमांक न देण्यामागे हेच कारण असावे, असे मला आता वाटते.

पैशांची मागणीही टप्प्याटप्प्याने, पण कामाच्या पुढे पुढे धावत आली. ऑर्डरबरोबर २ लाख ८० हजार रुपये बँकेतून दिले. त्यानंतर "जीएसटी वाचेल" असे सांगून १ लाख १० हजार रुपये रोख मागितले गेले आणि ते आम्ही दिले. ही आमची चूक होती. १८ टक्के कर वाचवण्याच्या मोहात आम्ही पावती गमावली आणि आज तक्रारीत त्या रकमेपुढे जोडायला आमच्याकडे एका व्हॉट्सॲप संदेशाखेरीज काही नाही. कोटेशनवरील पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे लगेच दिसते. आम्ही तो पैसे अडकल्यावर टाकून पाहिला. नोंदणी आम्ही ऑर्डर देण्याच्या आधीच रद्द झालेली होती.

त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलांनी चार दिवसांत पाइप आणि वायरी टाकल्या, प्लास्टर झाले, रंग झाला, आणि मग उपकरणे आली. ती वायर्ड प्रणालीची नव्हती. बोर्डाच्या मागे बसणारी वायफायची साधी मॉड्यूल होती. विचारल्यावर "वायर्ड म्हणजे वीज वायरने येते, मॅडम" असे स्पष्टीकरण मिळाले. वायर्ड प्रणालीत बटणांपासून नियंत्रकापर्यंत वेगळी संदेशवाहक वायर घरभर फिरवलेली असते, युरोपात आणि आपल्याकडच्या मोठ्या बंगल्यांत केएनएक्स नावाची अशी प्रणाली वापरतात, आणि कोटेशनमधील त्या शब्दाचा अर्थ हाच होतो, हे मी नंतर वाचून समजून घेतले. तरीही घर राहण्याजोगे व्हावे म्हणून आम्ही गप्प बसलो.

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यापासून डीबीतील (घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीतील) आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा संरक्षक स्विच, वारंवार पडू लागली. फर्मचा मुलगा आला आणि म्हणाला, "नव्या घरात ओल असते, त्यामुळे ट्रिप होते, मी ॲडजस्ट करून देतो." त्यानंतर ती पडायची थांबली आणि आम्हाला बरे वाटले. पुढे सासूबाई एकदा म्हणाल्या की, वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मी त्यांना त्यांच्या हातापायांना नेहमीच येणाऱ्या मुंग्यांची आठवण करून दिली आणि विषय संपवला. त्या बोलण्याची आठवण झाली की अजूनही माझा जीव खालीवर होतो.

मोटारीचे नियंत्रण बंद पडले तेव्हा फर्मचा फोन लागेना, म्हणून आम्ही जुन्या घराचे काम केलेले परवानाधारक वायरमन बोलावले. त्यांनी सवयीने आधी डीबी उघडली. आरसीसीबी जागेवर दिसत होती, परंतु वायरी तिला वगळून थेट पुढे नेलेल्या होत्या. मग त्यांनी जिन्याजवळचा बोर्ड खोलला, बॅटरीचा उजेड आत धरला आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "ताई, हे बघा." मॉड्यूलच्या न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या वायरीच्या, टर्मिनलमध्ये हिरवी वायर कसलेली होती. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात पूर्वापार फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, येते आणि बटणातून दिव्याकडे जाते. न्यूट्रल परस्पर दिव्याला जोडलेले असते, बोर्डात उतरतच नाही. स्मार्ट मॉड्यूलला मात्र स्वतः जागे राहण्यासाठी न्यूट्रल लागते आणि म्हणून नव्या घरात प्रत्येक डब्यात न्यूट्रलची वायर आधीच सोडून ठेवावी लागते. त्यांनी ती सोडली नव्हती. प्लास्टरनंतर चूक लक्षात आल्यावर १९ पैकी ११ बोर्डांत त्यांनी अर्थिंगलाच न्यूट्रल करून टाकले होते.

आरसीसीबीचे काम समजून घेतल्यावर या कृत्याचे गांभीर्य कळले. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत तोलून पाहते आणि घरगुती आरसीसीबीत हा फरक ३० मिलिॲम्पियरपर्यंत पोहोचला की वीज तोडते, कारण हरवलेला प्रवाह एखाद्या माणसाच्या शरीरातून जमिनीत जात असू शकतो. आमच्या प्रत्येक मॉड्यूलचा काही मिलिॲम्पियर प्रवाह अर्थिंगमधून परतत होता, अकरांची बेरीज त्या मर्यादेला भिडत होती आणि आरसीसीबी पडत होती, म्हणजे ती आपले काम चोख करत होती. ओलीचे निमित्त सांगून तिलाच बाजूला काढले गेले. त्यातच अर्थिंगच्या खड्ड्यातील जोड सैल निघाला. त्यामुळे जमिनीत जायची वीज अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर, म्हणजे वॉशिंग मशीन, फ्रीज आणि गीझरच्या अंगावर येत होती. सासूबाईंना येणाऱ्या झिणझिण्या खऱ्या होत्या. वायरमननी त्याच संध्याकाळी अकराही मॉड्यूल काढून टाकली आणि आरसीसीबी पुन्हा जोडून, तिचे चाचणीचे बटण दाबून ती पडते की नाही हे आमच्यासमोर पाहिले. ते बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एकेक वस्तू तपासू लागलो. गीझरचे मॉड्यूल काढले तेव्हा त्यावरचे फर्मच्या नावाचे लेबल नखाने सुटून आले. वर १६ ॲम्पियर छापले होते आणि खालच्या मूळ लेबलवर १०. आमचा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा आहे, २३० व्होल्टला तो १३ ॲम्पियर घेतो, आणि त्या मॉड्यूलच्या एका कोपऱ्याचे प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेले होते. कॅमेऱ्यांसाठी कॅट ६ (तांब्याच्या तारांच्या नेटवर्क केबलची एक प्रत) म्हणून टाकलेल्या केबलचा एक तुकडा माळ्यावर उरला होता. वायरमननी त्यातील एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस मुलाम्याखाली चांदीसारखी पांढरी तार निघाली आणि ती दोन-तीनदा वाकवताच तुटली. ते तांब्याचा थर दिलेले ॲल्युमिनियम होते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, कॅट ६ च्या मानकात ही तार बसत नाही आणि ज्या केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असते तिथे ती तापते. बाहेरच्या आवरणावर मात्र कॅट ६ असे ठसठशीत छापलेले होते. आपल्या घरी केबलचा खोका येईल तेव्हा तो आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि एक तार खरवडून पाहावी. त्याला एक मिनिट लागते. आम्ही नंतर तापकीर गल्लीतून पक्क्या बिलाने अस्सल तांब्याची केबल आणली तेव्हा दुकानदाराने न सांगताच ब्लेड पुढे केले.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ॲपमध्ये सापडली. आमच्या फोनवरून दिवे चालत, कॅमेरे दिसत, म्हणून घर आमच्या ताब्यात आहे असे आम्ही धरून चाललो होतो. माझ्या भाच्याने ॲपची सेटिंग उघडली तेव्हा घराचा मालक म्हणून फर्मचे खाते नोंदलेले निघाले, आम्ही दोघे नुसते सदस्य होतो, आणि सदस्यांत आणखी तीन अनोळखी नंबर होते. याचा अर्थ आमच्या दिवाणखान्यातील कॅमेऱ्याचे चित्र इतके महिने त्यांना हवे तेव्हा पाहता येत होते. त्यांनी ते पाहिले की नाही हे कळायला मार्ग नाही. मालक खाते त्यांचे असल्यामुळे आम्हाला कोणालाही काढून टाकता येईना. शेवटी प्रत्येक उपकरण मूळ स्थितीत आणून आमच्या स्वतःच्या ईमेलवर नव्याने नोंदवावे लागले आणि दोन कॅमेरे तर जुन्या खात्याला इतके घट्ट बांधलेले होते की ते काढूनच ठेवले. शिवाय सासूबाईंच्या खोलीतील सेन्सरपासून दिव्यापर्यंतचा निरोपही इंटरनेटवरून कुठल्यातरी सर्व्हरकडे जाऊन परत येत होता, त्यामुळे एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आली आणि इंटरनेट सुरू व्हायला रात्र झाली, तर तो दिवा लागतच नसे. आता भाच्याने होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली घरातल्याच एका छोट्या संगणकावर बसवली आहे, त्यामुळे इंटरनेट नसतानाही सेन्सर आणि दिवे आपसांत बोलतात. मोटारीला वायरमननी वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, बसवला, कारण मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि लहान मॉड्यूलचे संपर्क त्यात चिकटून बसतात.

न्यूट्रल ओढण्यासाठी सात ठिकाणी पाइपातून जागा मिळाली, चार ठिकाणी नव्या भिंती फोडाव्या लागल्या. घरभर पसरलेली ती धूळ आणि सासूबाईंचा आठवडाभराचा खोकला मी विसरणार नाही. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवले असते आणि "प्रत्येक डब्यात न्यूट्रल दाखवा, मगच पुढचा हप्ता" एवढे ठणकावून सांगितले असते, तर हे चार खड्डे पडले नसते.

फर्मला आम्ही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पाकीट "पत्ता सोडून गेले" अशा शेऱ्यासह परत आले. बाणेरच्या त्या कार्यालयात आता दुसरेच दुकान आहे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. ज्यांचे पैसे असेच अडकले आहेत त्यांनी उपकरणे फेकून देऊ नयेत. आम्ही वायरमनचा लेखी अहवाल, हिरवी वायर दिसणाऱ्या अकराही बोर्डांचे फोटो, ॲपमधील मालक खात्याचे स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा आणि रद्द जीएसटी नोंदणीचे पान तक्रारीला जोडले आहे. लेबल सुटलेले गीझरचे मॉड्यूल आणि केबलचा तो खरवडलेला तुकडा पाकिटात बंद करून ठेवला आहे. पुढच्या तारखेला तो आयोगासमोर ठेवायचा आहे.